नेटचं हँडल

विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल मैदानावर आधी मुलं खेळायची, मग अंधार पडेपर्यंत आम्ही मुली. मुलांचा कप्तान धैर्यशील नेट वर-खाली करायचं हँडल खिशात घालून मेसला जायचा, त्यामुळं आम्ही मुलांच्याच उंचीच्या नेटवर धडपडायचो. यंदा सलामीच्या सामन्यात हरलात, तर मुलींचा संघ बंद, असं क्रीडा विभागाच्या सरांनी बजावलं होतं. इस्लामपूरला सामन्याचं नेट मुलींच्या उंचीवर बांधलेलं. जतची क्रांती, आमची कप्तान, पहिल्या उडीतच ओरडली, “अगं, पल्याडचं सगळं मैदान दिसतंय की!” तिचे फटके उचलताना समोरच्या पोरी रडकुंडीला आल्या. जिंकून परतलो तर मेसच्या दारात धैर्यशील उभा. मान खाली घालून त्यानं हँडल पुढं केलं. “उद्यापास्नं नेट खाली करूनच जातो.” क्रांतीनं हँडल स्वतःच्या बॅगेत टाकलं. “नेट हाय तिथंच राहू दे रं. उद्यापास्नं आदी आमी खेळणार.”