फार लांबची हाक

मी रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांना ग्रीस लावतो. आमच्या शास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, "मामा, आभाळातून एक हाक येते, पापणी लवायच्या आत संपते. ती किती पिळवटलीय त्यावरून हाक मारणाऱ्याभोवती काय आहे ते कळतं."

"कळल्यावर काय करता?"

"काय करणार? लिहून ठेवतो. फार लांब आहे हो ते."

मी खो खो हसलो.

तेवढ्यात लेकीचा सासरहून फोन. पोरगी मला जन्मात 'म्हाताऱ्या'शिवाय दुसरी हाक मारत नाही. आज म्हणाली, "बाबा, मी मजेत आहे," आणि कट. तिच्याभोवती कोण उभं होतं ते मला लगेच कळलं.

घरी बायकोनं विचारलं, "काय म्हणाली?"

"मजेत आहे," म्हटलं आणि जेवायला बसलो.

लेकीचं सासर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर आहे.