उलटी भोकं

विमानाच्या इंजिनाचं पातं थंड राहावं म्हणून त्यात गार हवा बाहेर सोडणारी बारीक भोकं पाडतात. इंजिनिअर बाईंनी ती आतल्या वाऱ्याच्या उलट दिशेने पाडली होती. आता पेटंट मिळालं नाही, तर सगळी मेहनत पाण्यात. पेटंट कचेरीतल्या परीक्षकांनी पातं डोळ्यांजवळ धरलं.

"भोकं इकडेतिकडे सरकवून बघणं हे तुमचं रोजचंच काम. हे कुणालाही सुचलं असतं, बाई. आणि जाणकाराला सहज सुचेल अशा गोष्टीला पेटंट मिळत नाही."

"कुणालाही? अहो, मी सांगितलं तेव्हा सगळं खातं पोट धरून हसलं. वादळावर फुंकर मारतेस का, म्हणाले."

परीक्षकांनी कान टवकारले. "हसले? जाणकार माणसं?"

बाईंच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या साहेबांनी घसा खाकरला.

"सगळ्यात मोठ्याने मीच हसलो."

परीक्षकांनी कोरा कागद साहेबांपुढे सरकवला. "तेवढं लिहून द्या. बाईंचं काम होईल."