दूध तोडताना

दवाखान्यात रोज दुसऱ्यांना मलमपट्टी करणारी ती नर्स आज स्वतःच्या छातीला पट्ट्या चिकटवून, मन घट्ट करून बसली. दोन वर्षांची लेक अजून अंगावर पीत होती आणि दुसरं बाळ वर्षभर हुलकावणी देत होतं. "चाळिशी जवळ आलीय, आधी हिचं दूध तोडून बघू," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. दुपारी पेंगुळलेली लेक सवयीने मांडीवर चढली आणि पट्ट्या पाहून थबकली. "आईला बाऊ?" "हो गं राणी. आता दूध नाही." ती घर डोक्यावर घेणार, या तयारीत आई होती. पण लेकीने हलकेच फुंकर घातली, आईचा गाऊन सारखा केला आणि तिलाच थोपटता थोपटता झोपून गेली. दारातून सासूबाईंनी हळूच विचारलं, "जमलं का गं?" "तिला जमलं, आई," ती डोळे पुसत म्हणाली. "मला थोडा वेळ लागेल."