पालखी दारात थांबली

"घरात सुतक-सोयर काय हाय काय?"

तुळशीरामतात्यांनी फाटकाबाहेरून विचारलं आणि क्रांतीला उत्तर सुचेना.

प्रश्न काही नवा नव्हता. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघरी फिरते आणि प्रत्येक दारात मानकरी आधी हेच विचारतो. घरात कुणी गेलं असेल आणि दहा दिवसांचं सुतक चालू असेल, तर पालखी बाहेरूनच पुढे जाते. नसेल तर अंगणात येते, नाचते, ओटी घेते. एका शब्दाचं काम. बाकीच्या घरांत शेंबडी पोरंही "न्हाय, या!" म्हणून मोकळी होतात.

या घराचं मात्र तसं नव्हतं. क्रांतीचा नवरा गणराज लॉकडाऊनच्या वर्षी पनवेलहून पायी निघाला होता. "चालत येतोय, चार दिवसांत बोर्लीला पोचतो," असा फोन आला. त्यानंतर ना फोन आला, ना माणूस. महिन्याभरात वादळाने घरावरची कौलं उडवली. ती क्रांतीने आणि तिच्या सासूने, मनुबाईने, मिळून पुन्हा चढवली. रस्ते उघडले तसे क्रांतीने पोलीस ठाणी, दवाखाने आणि महामार्गावरची गावं पालथी घातली. हाती काही लागलं नाही.

गावाने गणराजला केव्हाच पोचवलं होतं. क्रांतीने नाही. पाच शिमगे तिने याच दारात उभं राहून सांगितलं, "न्हाय. या आत." या फाटकापाशी तात्यांचा आवाज दरवर्षी जरा खाली यायचा. तिचा चढायचा. बाई हट्टाची होती आणि हट्टावरच जगली होती. त्या शोधानंतर इतक्या वर्षांत ती एक रात्र परगावी राहिली नाही. तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर? श्रीवर्धनची तिची मैत्रीण मृणाल तिला आपल्या खानावळीत भागीदारी देत होती. राहायला खोली होती, सासूलाही घेऊन ये म्हणत होती. क्रांती दर पाडव्याला म्हणायची, "बघू गं, पुढल्या पाडव्याला."

आणि आज सकाळी चुलत दीर भिकू वापीहून आला. परसात उभं राहून त्याने सासू-सुनेला मोबाईलवर फोटो दाखवला. गणराजच होता. अंगाने भरला होता. कडेवर तीन-चार वर्षांची मुलगी होती, शेजारी एक हसरी बाई.

"वापीत दुकान हाय त्याचं," भिकू जमिनीकडे बघत म्हणाला. "आईला सांग म्हणाला, सुखरूप हाय. इकडं काय यायचा न्हाय."

"आन माझं काय?" क्रांतीने विचारलं.

"तुझं काय बोलला न्हाय, वहिनी."

भिकूच्या तोंडात तीळ भिजत नाही. गणराज जिवंत आहे, हे दुपारपर्यंत गावभर झालं. पुढचं तेवढं त्याने गिळलं, हे त्याचे उपकारच. मनुबाई हमसून हमसून रडली. मग उठली, डोळे पुसले आणि ओटीचं ताट काढलं. पोरगा जिवंत असल्याचं कळलं तर देवीला पाच नारळांची ओटी भरीन, असा तिचा नवस होता. ते ताट घेऊन ती आता ओसरीवर उभी होती.

क्रांतीला काही म्हणता काही कळेना. नवरा जिवंत आहे म्हटल्यावर आनंद व्हायला नको? झाला होता, क्षणभर, अगदी पोटातून. त्याच्या मागोमाग संताप आला. मग लाज वाटली. मग एकदम हलकं वाटलं आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. आपण सवाष्ण, की टाकलेली, की आणखी कोण? पाच वर्षं ती "न्हाय" म्हणत आली तेव्हा तिला खरं-खोटं काहीच ठाऊक नव्हतं. आज पहिल्यांदा ते पक्कं खरं होतं, आणि आजच जिभेवर येईना.

पालखीपुढचा खालूबाजा थांबला. भोयांनी खांदे बदलले. बायका कुजबुजायला लागल्या.

"बोल की गो पोरी," तात्या म्हणाले.

"न्हाय" म्हटलं की देवी अंगणात येणार, नवस फिटणार, सासूचं तोंड उजळणार. आणि आपण? आपण उद्यापासून पुन्हा गणराजची बायको. मेलेल्याची वाट माणूस कधीतरी सोडतो. जिवंत माणसाची वाट मरेपर्यंत बघता येते. पण या म्हातारीने कधी पायगुणाचा एक टोमणा मारला नव्हता, स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून दिली होती. तिचा नवस मोडायचा कसा?

"हाय," क्रांती म्हणाली. हे आपल्याच तोंडून निघालं, यावर तिचा विश्वास बसेना.

आता तात्यांचाही गोंधळ उडाला. "हाय? अगो, गणराज सापडला म्हणून दुपारपासून सारा गाव सांगतोय. मग सुतक कुणाचं?"

कुणाचं, हे तिलाही सांगता येत नव्हतं. मागे ओसरीच्या पायरीवर पावलं वाजली. मनुबाई तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. आता ही आपल्याला चारचौघांत बोलणार, आणि बोलू दे, असं क्रांतीला वाटलं.

मनुबाईने ओटीचं ताट खाली जमिनीवर ठेवलं. देवीला लांबूनच हात जोडले. मग सुनेचा हात धरला.

"माज्या पोराचं, तात्या," ती म्हणाली. "आज सकाळीच कळलं. पाडव्याच्या आत फिटंल."