मोज्यातली बाटली

१४ मार्च, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. प्रयोगशाळेच्या टेबलावर भांगेच्या बियांच्या तेलाच्या तीन बाटल्या होत्या. दोन लखलखीत काचेच्या, आतले तेल पाचूसारखे हिरवे. तिसरीला राखाडी लोकरी मोजा चढवलेला होता.

"दाजी, हे काय?" तपासनीस मेहुणीने विचारले.

"तुझ्या ताईचे प्रताप," तेल गाळणारे दाजी खजील होऊन म्हणाले. "निघताना तिसरी फुटली, म्हणून स्वयंपाकघरातली उचलली. ओघळाने फळी चिकट होते म्हणून तिने मोजा चढवलाय. आधीच गिऱ्हाईक विचारतं, या तेलाने झिंग येते का? आता म्हणेल, बाटलीलाच आलीये."

"तेल एकाच दिवशीचं ना?"

"एकाच पिंपातलं."

आठवड्याभरात पाचशे बाटल्या पाठवायच्या होत्या आणि प्रमाणपत्राशिवाय व्यापारी एकही घेणार नव्हता. म्हणूनच दाजींनी दुकानाच्या दर्शनी काचेत दोन महिने उन्हात झळाळणाऱ्या बाटल्या निवडल्या होत्या. नात्याचा संशय नको, म्हणून मेहुणीने सहकाऱ्याकडून तिन्ही तेले सारख्या कुप्यांत भरून घेतली. कोणती कुठली, ते त्यालाच ठाऊक.

स्निग्धाम्लांचे प्रमाण तिन्हींत सारखे निघाले. भेसळ नव्हती. दाजींचा हात मिशीकडे गेला. मग खवटपणा मोजणारा पेरॉक्साइड अंक आला. मर्यादा पंधरा. पहिली कुपी बावीस, दुसरी चोवीस, तिसरी चार. दाजींचा हात खाली आला.

"तिसरी कोणती?" मेहुणीने विचारले.

सहकाऱ्याने मोजा उचलून दाखवला.

"दाजी, तेल उत्तम आहे. त्याला ऊन सोसत नाही, एवढंच. बाकीचं कुठे आहे?"

"बंद पिंपात, अंधाऱ्या खोलीत."

"मग वाचलात. गडद काचेच्या बाटल्यांत भरा."

"त्या यायला महिना लागतो गं."

दोघांची नजर एकदमच मोज्यावर गेली. दाजींनी घरी फोन लावला आणि घसा खाकरला.

"अगं, तुझा मोजा पास झाला."

 पलीकडून ताई म्हणाल्या, "त्याचा जोडीदार कपाटात पडलाय. पाठवू?"

आठवड्याने पाचशेही बाटल्या तपासणीत उतरल्या. मोज्यांचे जोड लागले: अडीचशे.