गाडी मागे घेताना

पाच वाजले की क्वीन्सलंडच्या त्या कॅरव्हॅन पार्कातली निवृत्त मंडळी बियर घेऊन खुर्च्या मांडतात आणि नव्याने आलेला कुणी गाडीला जोडलेली कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, मागे घेऊन जागेवर लावत असला की फुकटचा तमाशा बघतात. आज ट्रेवर गाडीत बसून, मागे उभं राहून हात दाखवणाऱ्या बायकोवर, जिलियनवर, खेकसत होता. "डोळे फुटलेत का तुझे? नीट सांग की!" खुर्च्यांमधून खसखस पिकली.

मर्ल ताडकन उठली. सत्तरीची ही बाई चार वर्षं एकटीच कॅरव्हॅनमध्ये राहत होती. तिनं ट्रेवरचं दार खाडकन उघडलं. "उतर खाली! आता ही चालवेल, तू मागे उभा राहून हात हलव."

"ओ बाई, नवरा-बायकोच्या भांडणात तुम्ही कशाला पडता?"

"पडणारच! गावोगाव फिरून बायकांना हेच शिकवते मी. ही एकतिसावी."

"पण मी असताना तिला शिकायची गरजच काय?"

"माझा म्हातारा हेच म्हणायचा!" मर्ल ओरडली. "आडरस्त्याला छाती धरून कोसळला, तेव्हा दवाखाना वीस किलोमीटर मागे राहिला होता. मला कॅरव्हॅनसकट गाडी वळवताच आली नाही."