बुडणारे काका

"बुडत्याचा जीव वाचवणं ही ईश्वरसेवा आहे," परीक्षक गंभीरपणे म्हणाले, "आणि तिला फोटोच्या तीन प्रती लागतात. तुम्ही दोनच जोडल्यात."

तिकीट खिडकीवाल्या ताईंनी पर्समधून तिसरा फोटो काढून दिला. नऊ वर्षं त्या याच तरणतलावावर तिकिटं फाडत होत्या. जीवरक्षकाच्या परीक्षेत दोनदा आपटल्या होत्या. वयाची अट चाळीस, आणि चाळिसावा वाढदिवस पुढच्या आठवड्यात. आज नाही, तर कधीच नाही.

"सासूबाई म्हणाल्या, जा खुशाल, पण बुडालीस तर वेळेवर कळव. कुकर लावायचा असतो."

परीक्षक हसले नाहीत. त्यांनी पलीकडे उभ्या असलेल्या बुडणाऱ्या काकांना खूण केली.

काका अठरा वर्षं परीक्षेसाठी बुडत होते. तीन गटांगळ्या, दोनदा "वाचवा", मग तळ, असा त्यांचा शिरस्ता. ते बघायला पास झालेली मंडळीसुद्धा मुद्दाम येत.

आज काका "वाचवा" म्हणालेच नाहीत. मान मागे कलली, तोंड उघडं राहिलं, हात नुसते पाणी दाबत राहिले. काठावर कोणी हलेना.

"बघून घ्या," परीक्षक कुजबुजले. "खरा बुडणारा ओरडत नाही. ओरडायला श्वास कुठून आणणार? याला साधना म्हणतात."

ताईंनी उडी टाकली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. काकांनी काडीऐवजी ताईंचा गळा धरला. दोघं दिसेनाशी झाली. पाणी सपाट झालं.

मग ताई वर आल्या. एका हातात काकांची हनुवटी, दुसऱ्या हाताने पाणी कापत. नव्वद किलोचे काका त्यांनी काठावर आणून ठेवले, तेही अलगद, झोपलेलं मूल ठेवावं तसे. टाळ्या वाजवायचंही कोणाच्या मनात आलं नाही.

परीक्षकांनी चष्मा पुसला आणि अर्जावर ठसठशीत अक्षरात 'उत्तीर्ण' लिहिलं.

काका खोकून खोकून उठून बसले. ताईंचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"पोरी, उपकार झाले गं. पायात गोळा आला होता. खरंच बुडत होतो मी."

परीक्षकांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

"मग ही परीक्षा धरता येणार नाही, ताई," 'उत्तीर्ण' खोडत ते म्हणाले. "खऱ्या बुडणाऱ्याला हात लावायला आधी प्रमाणपत्र लागतं."